पांझरेच्या मुखावरचा लाल दगड

कुणाच्याही घरी पाणी दिलं की बोरसे सर आधी त्याचा वास घ्यायचे. समोर घरची बाई उभी असली तरी. मग घोटभर प्यायचे आणि पेला खाली ठेवताना "गोड आहे" म्हणायचे. तेवढ्यानं तिचा अपमान भरून निघतो असं त्यांना वाटायचं. रेल्वेचं तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचायचे. कशालाही "बघू" म्हणायचे. लग्नाच्या आमंत्रणालाही, छातीत दुखतंय तर डॉक्टरकडे जा म्हटल्यावरही. वर्गात शुद्ध मराठीत शिकवायचे, पण चिडले की अहिराणीवर यायचे, आणि पोरं त्याचीच वाट बघत बसायची. खिशात एक भिंग असायचं. त्यातून ते जेवताना भाकरीवरचा डागसुद्धा बघायचे. नदीत उतरण्याआधी चपला काढायचे, तळपाय धुवायचे, आणि मगच पाण्यात पाय घालायचे. पायाची घाण नमुन्यात येऊ नये म्हणून. हे कारण काठावरच्या कुणाला सांगावं असं त्यांच्या कधी मनात आलं नाही.

हे सगळं भूतकाळात सांगायचं अजून अंगवळणी पडलेलं नाही.

सुकदेव बोरसे दोंडाईच्याच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवत. घर चाळीसगावकडचं, कापूस पिकवणारं. भावंडांत शिकलेले हे एकटेच. वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलं होतं आणि पीएच.डी. अजून व्हायची होती. विषय त्यांनी स्वतः निवडलेला होता, म्हणून तक्रार करायलाही जागा नव्हती.

विषय होता पांझरेचं मुख. पांझरा तापीला मिळते ती जागा.

"समुद्राकाठी खाडी असते," ते वर्गात सांगायचे. "भरतीला समुद्र नदीत शिरतो. पाणी थबकतं, गाळ बसतो, आणि माशांची पिल्लं तिथं वाढतात. आपल्याला कुठला समुद्र? पण पावसाळ्यात तापी फुगते आणि उलटी पांझरेत शिरते. तेवढे दिवस पांझरेचं तोंड म्हणजे आपली बिनमिठाची खाडी."

"सर, मग खाडीवर सहल काढा की," मागून कुणीतरी म्हणायचं.

"बघू," सर म्हणायचे.

या मुखावर भोई लोकांची पंधरा-वीस घरं जगत होती. मासा वर्षागणिक कमी होत चालला होता. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, त्या दिवसांत सगळ्या मुखावर मासेमारी बंद केली तर भोयांनी खायचं काय? आणि कुठंच बंद केली नाही तर काही वर्षांनी धरायला मासाच उरणार नाही. तेव्हा एकच तुकडा बंद ठेवायचा, बाकीचा मोकळा. कुठला तुकडा, हे कुणीतरी मोजून सांगायला हवं होतं. जिल्ह्याचे मत्स्य अधिकारी धनसिंग गिरासे यांनी ते काम बोरसे सरांवर टाकलं. "तुमचा प्रबंध होईल, आमचा प्रश्न सुटेल," ते म्हणाले होते. तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

मग सर रविवारआड एक रविवार जाऊ लागले. दोंडाईच्याहून गाडीनं नरडाण्याला. तिथं चहावाल्याकडे ठेवलेली सायकल काढायची. पुढं संगमापर्यंत काळ्या मातीचा रस्ता, कॅरियरवर लाकडी पेटी, पेटीत बाटल्या. पावसाळ्यात ती माती चाकाला अशी धरायची की सायकल खांद्यावर घ्यावी लागायची. जाताना निदान पेटी हलकी असायची.

नमुने तीन जागांचे. प्रत्येक वेळी नेमक्या त्याच जागेचे हवेत, नाहीतर मोजणीला अर्थ नाही. पहिली जागा तापीच्या धारेला, जुन्या घाटाच्या पायरीशी. दुसरी पांझरेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या तोंडाशी; तिथं वाकडी बाभूळ होती. तिसरी मधल्या डोहाच्या काठी. तिथं खूण नव्हती. खुंटी ठोकली तर ती दोन दिवसांत कुणाच्या तरी चुलीत जायची. शेवटी सरांनी काठावरचा एक मोठा दगड निवडला आणि त्याला रंग द्यायचं ठरवलं. कॉलेजच्या खिडक्यांच्या गजांना लावून उरलेला तांबडा रंग प्रयोगशाळेतल्या बन्सीलालकडे होता. दुसरा नव्हता. सरांनी तोच नेला आणि दगड वरपासून खालपर्यंत लाल केला.

खानदेशात जन्मलेल्या माणसानं नदीकाठी, डोहाच्या तोंडाशी, दगड लाल केला. त्याचा अर्थ काय होतो हे त्यांना शेंबडं पोर असल्यापासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते प्राणीशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि ऊन फार होतं.

दोन पावसाळे त्यांनी मोजलं. पाण्यातला प्राणवायू, पाण्यातलं खाद्य, जाळीच्या लहान झेल्यात येणारी पिल्लं. तिसऱ्या जागेचे आकडे पहिल्यापासून वेगळे यायला लागले. पाणी खाद्यानं भरलेलं. झेला बुडवला की पिल्लं, मोठी, मधली, सगळ्या वयाची. सरांनी आधी विश्वास ठेवला नाही. पुन्हा मोजलं. तेच आलं. नाल्याच्या तोंडाशीही पिल्लं होती, पण डोहासारखी नाहीत. अहवालात त्यांनी लिहिलं की मुखाचं खरं पाळणाघर म्हणजे मधला डोह. पावसाळ्यात तो बंद ठेवावा. मराठीत लिहिलेलं ते त्यांचं सगळ्यात नेटकं पान होतं. दगडाचा रंगही टिकला होता. "बन्सी, तुझा रंग चांगला निघाला रे," ते म्हणाले होते. "दोन पूर गेले वरून, जरा उडाला नाही."

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात हुकूम निघाला. डोहाच्या काठी पत्र्याची पाटी लागली. जेठापासून दसऱ्यापर्यंत डोहात जाळं टाकायचं नाही. प्रबंधाचं टंकलेखन सुरू झालं. प्रमिलाबाईंनी, सरांच्या पत्नीनं, कधी नव्हे ते शेजारणीला सांगितलं की औंदा आमचे हे डॉक्टर होतील. सुया टोचणारे नाही, दुसरे.

त्या आषाढात एका शुक्रवारी कॉलेजला अचानक सुटी मिळाली. प्रबंधात घालायला डोहाचं एक चित्र काढून आणावं म्हणून सर निघाले. शुक्रवारी ते संगमावर कधी गेले नव्हते.

डोहाच्या काठी बायका जमल्या होत्या. लाल दगडावर शेंदराचा ओला थर होता. पुढं हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा, लिंबं. पुना भोयाची आई शेवंताबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून परातीतला दहीभात मुठीमुठीनं डोहात सोडत होती. बाकीच्या कणकेच्या गोळ्या टाकत होत्या. पाणी उकळल्यासारखं हलत होतं. सगळ्या वयाचे मासे.

सर बघत राहिले. मग अहिराणीत म्हणाले, "अक्का, हाई काय चालनं?"

शेवंताबाई दचकली, मग हसली. "सर? आज कसा काय उनात? आज तं शुक्रवार शे. तुम्हना वार रविवार."

"पानीमा काय टाकतस?"

"निवद शे. आसरास्ना."

"कोनत्या आसरा?"

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. पाण्यातल्या देवींबद्दल असं विचारणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

"कोनत्या म्हने!" शेवंताबाई म्हणाली. "तुम्हीनच तं बसाड्यात. तुम्हना हातघाई रंग लाया. आम्ही काय आंधया शेत?"

"तो खुणेचा दगड शे, अक्का. पानी मोजानी जागा शे."

"तेच तं सांगस मी. येतस, चपला काढतस, पाय धोतस. तोंडातल्या तोंडात काय तरी बोलतस. बाटलीमा थेंब टाकतस तं पानी पिवयं-तांबडं व्हस. आमना भगतले बी इतलं जमत नही."

बायका मोठ्यानं हसल्या. सर हसले नाहीत. तोंडातल्या तोंडात ते तपमान पुटपुटायचे, विसरायला होऊ नये म्हणून.

"मन्ही नात पडनी व्हती डोहमा," शेवंताबाई आता हसत नव्हती. "तुम्हीन रंग लाया त्याच पावसायामा. ह्याच दगडले धरीसन राहिनी ती. तवयपासून मंगळवार-शुक्रवार चुकत नही आम्हना."

"मंग रविवारले आठे काहीच कसं दिखत नही?"

"कसं दिखी? शनवारले सांजले मी झाडी काढस बठ्ठं. सकाय सरनी पूजा, आम्हनं उष्टं पडेल बरं दिखत नही."

सरांना आठवलं. मागं एकदा ते पुनाला म्हणाले होते, तुमच्या गावचा काठ फार स्वच्छ असतो बुवा. पुना लाजला होता.

ते दगडाशेजारी खाली बसले. दोन वर्षं त्यांनी मोजलं होतं ते नदीचं खाद्य नव्हतं. दहीभात होता. जमलेले मासे तिथं वाढत नव्हते, जेवायला येत होते. शिवाय दगडाच्या आसपास जाळं टाकायला भोई धजत नव्हते, तेव्हा मासा तिथंच गोळा होणार. सगळा आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं, कॉलेजच्या रंगानं तयार केला होता.

तिथून ते नाल्याच्या तोंडाशी गेले. कशाला गेले ते त्यांना सांगता आलं नसतं. बाभळीखाली पुना आणि दोघं-तिघं उभे होते. हातात मच्छरदाणीच्या कापडाची जाळी. टोपलीत बोटाएवढी, नखाएवढी पिल्लं खचाखच भरलेली. काही वाळवायला पसरलेली.

"हाई काय रे पुना?"

"चिल्या शेतस, सर. बारीक जात. ह्या मोठ्या व्हतच नहीत. आमना आजा बी कधी धरे नही, पन आते काय करतस? डोह बंद करा तुम्हीन. पोट कसं बंद करू?"

सरांनी चिमूटभर पिल्लं तळहातावर घेतली आणि भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग पुनाच्या हातात दिलं.

"ह्या रोहूना पिलं शेत पुना. हाऊ शिंगाडाना. दख, मिशा दख."

पुनानं पाहिलं. भिंग परत दिलं. टोपलीवर पंचा टाकला.

म्हणजे खरं पाळणाघर हे होतं. नाल्याचं उथळ तोंड, लव्हाळ्यांत. दहीभाताच्या आकड्यांपुढं ते फिकं दिसलं होतं. आणि पाटीनं भोयांना डोहातून उठवून नेमकं इथं आणून सोडलं होतं. दर दिवशी एक टोपली म्हणजे पुढच्या तीन वर्षांचा मासा.

ते नरडाण्याला कसे पोचले आणि घरी कधी आले, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. प्रमिलाबाईंना मात्र सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या.

"म्हणजे दगडाला रंग दिला तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि या घराच्या भिंतींना गेल्या सहा दिवाळ्या म्हणताय, बघू."

सर हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं. मग प्रमिलाबाईंनी विचारलं, "आता प्रबंधाचं?"

सरांनी फडताळातून रेल्वेचं वेळापत्रक काढलं. भाकरी फुगून खाली बसली तरी ते पुण्याची गाडी शोधत होते.

पुण्याला जाऊन त्यांनी मार्गदर्शकांना सांगितलं. मार्गदर्शक भला माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तिसरी जागा वगळून टाका. दोन जागांवरही प्रबंध होतो. दगडाचा उल्लेख कशाला करायचा?"

"पाटी लागली आहे सर."

"पाटीचं आणि प्रबंधाचं काय?"

बोरसे सर म्हणाले, "प्रबंध वगळता येईल. पाटी कशी वगळू?" टंकलेखकाकडची पानं त्यांनी परत आणली.

गिरासे साहेबांकडे जायला जास्त धीर लागला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आधी हसले, मग हसणं आवरलं.

"बोरसे, हुकूम वरच्या सहीनं निघालाय. तो मी फिरवायचा कशाच्या जोरावर? बायकांनी भात टाकला म्हणून?"

"हो. तेच खरं आहे."

"खरं असेल हो. पण फायलीत आकडे तुमचेच आहेत. त्यांना खोडायला आकडेच लागतील. पुढच्या जेठापासून दसऱ्यापर्यंत सगळा हंगाम पुन्हा मोजून द्या. भात न टाकता. मी स्वतः नेऊन सही आणतो, डोह उघडतो, नाला बंद करतो. पण अर्धवट हंगाम आणू नका. अर्ध्यावर कुणी सही देत नाही."

त्यांचं चूक नव्हतं. सरांनाही ते पटलं. फक्त बाहेर आल्यावर जिना उतरताना ते मध्येच एका पायरीवर बसले. पुन्हा एक हंगाम. तोच रस्ता, तीच माती.

सगळ्यात अवघड काम पुढच्या वैशाखात झालं. दगड खरवडून टाका, असं कॉलेजातले लोक सुचवत होते. सर शेवंताबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. तिनं पाणी दिलं. त्या दिवशी त्यांनी वास घेतला नाही.

"आसरा उठाडाले जमाव नही," ती आधीच म्हणाली.

"उठाडाले नही सांगत मी. दसरापावत पानीमा काही टाकू नका, इतलंच. निवद काठवर दखाडा, घर लई जा, पोरेस्ले वाटी द्या."

"आनि त्या रागे भरन्यात तं?"

"मन्हावर भरतीन. रंग मीनच लाया ना."

शेवंताबाईनं पेला उचलून आत ठेवला. मग म्हणाली, "मंग शुक्रवारले तुम्ही बी येवा. तुम्ही उभा राह्यनात तं बायास्ले धीर राही. मी एकली सांगसू तं कोन ऐकी?"

देव न मानणाऱ्या माणसानं दर शुक्रवारी हात जोडून उभं राहायचं कबूल केलं.

पुनाशी बोलणं बाभळीखाली झालं. तो सरळ माणूस, पण पोटाचा प्रश्न होता.

"डोह बंद. आते म्हनतस नाला बी बंद. मंग आम्ही काय तापीनी रेती खाऊत?"

"नाल्यावर हुकूम नही पुना. तू सोडी दे म्हनीसन मी सांगस. दसरापावत तापीना धारमा धरा. मन्ह मोजनं व्हयनं का डोह खुला व्हई."

"धारमा जाळं टिकस का, सर? पूर इतला."

"माले ठावकं शे."

पुनानं नाल्याकडे पाहिलं. "त्या मिशा दखाड्यात तुम्हीन, तवयपासून माले ती टोपली उचलवत नही," तो म्हणाला. "पन बाकीनास्ले मी काय सांगू?"

"सांग, बोरसे सरनी जबान शे. दसराले डोह कायमना खुला."

असा शब्द त्यांनी आयुष्यात कुणाला दिला नव्हता. प्रमिलाबाईंना ऐकून नवल वाटलं. "मला तर कधी बघूच्या पुढं काही मिळालं नाही," त्या म्हणाल्या.

नव्वदचा पावसाळा मोठा आला. सर आता दर रविवारी जात, आणि शुक्रवारी दुपारचे तास सकाळी घेऊन पुन्हा जात. शुक्रवारी बायका काठावर नैवेद्य दाखवत. सर चपला काढून उभे राहत, हात जोडत, आणि परत फिरत. परातीतला दहीभात पोरं तिथंच खाऊन टाकत. "सरना मुये पोऱ्या जाड व्हयनात," शेवंताबाई म्हणायची. एकदा नैवेद्य दाखवून झाल्यावर तिनं सरांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "सर, तुम्हीच काही खात नही का? चेहरा उतरना." सर म्हणाले, झोप होत नाही. सायकलवरून उतरून मध्ये मध्ये बसावं लागत होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

आषाढ संपता संपता डोह रिकामा व्हायला लागला. झेल्यात काही येईना. जेवण बंद झालं आणि मासा निघून गेला, इतकं साधं. आणि नाल्याचं तोंड भरत गेलं. श्रावणात तिथं झेला बुडवला की तो जड लागायचा. सर एकेक पिल्लू ओळखून परत सोडत. पाठ मोडायची, पण ते काम त्यांना आवडत होतं असं वाटायचं. पुनाची माणसं धारेत जाळी फाडून घेत होती. नाल्याकडे कुणी फिरकलं नाही. तापीच्या पुरात एकाची नाव उलटली, तो पोहून निघाला. त्यानंतरच्या रविवारी भोई सरांशी नीट बोलले नाहीत. पुना एकटा आला, पेटी उचलायला हात लावला आणि म्हणाला, "दसराच ना, सर?"

"दसराच."

भादव्यात सरांनी गिरासे साहेबांना भेटून आतापर्यंतचे आकडे दाखवले. साहेबांनी मान डोलावली. "आता काही शंका नाही. पुरता हंगाम द्या, लगेच नेतो." परतताना सरांचा डावा हात दुखत होता. पेटीमुळं असेल, ते म्हणाले. डॉक्टरांकडे जायला प्रमिलाबाईंनी सांगितलं. नेहमीचं उत्तर मिळालं.

भादव्याच्या शेवटच्या रविवारी ते संगमावर गेले, तिन्ही जागांचं पाणी घेतलं, आले. पाण्यातला प्राणवायू धरून ठेवायला औषधाचे थेंब तिथंच टाकावे लागतात, पण मोजणी प्रयोगशाळेत येऊनच होते. सोमवारी तास संपल्यावर ते मोजायला बसले. बन्सीलालला त्यांनी मोजणीत शेवटी टाकायचं पिष्टाचं पाणी ताजं करायला सांगितलं. त्यानं ते करून दिलं आणि तो बाहेर चहा सांगायला गेला. परत आला तेव्हा सर स्टुलाच्या बाजूला जमिनीवर होते. डोळे उघडे होते. डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली, आणि घरी कुणाला तरी पाठवा म्हणाले.

एवढंच झालं. याहून जास्त काही झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

दहाव्याला पुना आणि शेवंताबाई आले. नरडाण्यापर्यंत चालत आले होते. शेवंताबाई प्रमिलाबाईंजवळ बसून राहिली. पुना बाहेर ओट्यावर. कॉलेजातले लोक होते, त्यांना त्यानं विचारलं, "सरना राह्यलं तितलं पानी कोन मोजी?"

कुणी म्हणालं, साहेबांना सांगू. कुणी म्हणालं, ते काम दुसऱ्या कुणाला येत नाही. प्राणीशास्त्राला आता नवा माणूस दिवाळीनंतर येणार होता. गिरासे साहेबही आले होते. ते पुनाजवळ उभे राहिले, काही वेळ त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "हंगाम पुरा झाला असता तर..."

दसरा आला. मुखावर पाटी तशीच होती. त्या वर्षापुरती बंदीची मुदत संपली, पण तोवर पूर ओसरून डोहातला हंगामही संपला होता, आणि पुढच्या जेठात तीच बंदी पुन्हा लागू होणार होती. भोयांनी सरांचा शब्द काढला नाही. पुना एका रविवारी नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला म्हणतात. आश्विनाचं पाणी कुणी घेतलं नाही.

बन्सीलालनं सरांचं टेबल बरेच दिवस आवरलं नाही. धूळ बसू नये म्हणून वर वर्तमानपत्र टाकून ठेवलं होतं. त्याखाली तीन बाटल्या होत्या. तापीच्या धारेची मोजून झालेली. डोहाची मोजून झालेली. तिसरं पाणी नाल्याच्या तोंडाचं. ते काचपात्रात ओतलेलं होतं, वर ब्युरेट, थेंब सोडायची काचनळी, तशीच लावलेली. त्या पाण्याचा गडद पिवळा रंग ब्युरेटमधल्या थेंबांनी कमी करत करत सरांनी वाळल्या गवताच्या रंगापर्यंत आणला होता. यानंतर पिष्ट टाकायचं. मग पाणी निळं होतं. निळं जाईपर्यंत पुन्हा एकेक थेंब सोडायचा, आणि ते जाईल तिथं थांबून आकडा वाचायचा.

पिष्टाची वाटी बाजूला भरलेली होती. ते टाकायचं राहिलं.